सरवा

शेत काढून झालं, पेंढ्या बांधून खळ्यावर गेल्या, की रानात जे मागे उरतं त्याला मराठीत सरवा म्हणतात. विळ्याच्या धारेतून निसटलेलं कणीस, पेंढी उचलताना गळालेलं एखादं ताट, भुईमूग उपटल्यावर मातीतच तुटून राहिलेली शेंग. सरवा वेचायला शेताचा धनी जात नाही. ज्यांचं शेत नाही ती माणसं जातात, बहुतेक बाया आणि पोरं. दिवसभर वाकून वेचलेलं संध्याकाळी ओट्यात नाहीतर फडक्यात बांधून घरी येतं.

बायबल मराठीत आणणाऱ्यांना लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हा शब्द आयता मिळाला. पीक कापताना शेताच्या कडा कोरून कापू नका, सरवा वेचू नका, द्राक्षमळा झाडून-पुसून घेऊ नका, अशी तिथली आज्ञा आहे. अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आणखी एक भर पडते: पेंढी शेतात विसरून आलात तर ती आणायला मागे फिरू नका. हे सगळं कोणासाठी? गरीब, विधवा, अनाथ आणि उपरी यांच्यासाठी. ‘उपरी’ या शब्दापाशी मी नेहमी थांबतो. मराठी मुलखाच्या जुन्या जमीन-व्यवहारात मिरासदार म्हणजे गावात वंशपरंपरेची जमीन असलेला आणि उपरी म्हणजे गावात राहून कसणारा, पण त्या मातीवर कायमचा हक्क नसलेला. मूळ हिब्रूत इथे ‘गेर’ हा शब्द आहे, आणि त्याची अवस्था हीच होती. तो गावात राहतो, घाम गाळतो, पण वाटणीत त्याचं नाव नाही.

या आज्ञेतल्या क्रियापदाकडे बघायला हवं, कारण पुढच्या तीन हजार वर्षांची गोष्ट त्या क्रियापदाचीच आहे. लेवीयमध्ये ‘गरिबाला दे’ असं म्हटलेलं नाही. ‘त्याच्यासाठी सोड’ असं म्हटलं आहे. देण्यात दोन हात लागतात, एक वरचा आणि एक खालचा. सोडण्यात वरचा हात नसतोच. धनी कापणी करून निघून जातो, नंतर कोणीतरी येऊन घेतं, दोघांची गाठही पडायची गरज नाही. अनुवादात यासाठी दिलेलं कारणही साधं आहे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, ते विसरू नका. म्हणजे शेताचा धनी आणि सरवा वेचणारी बाई यांचा भूतकाळ एकच आहे.

ही आज्ञा व्यवहारात कशी उतरायची यावर यहूदी धर्मपंडितांनी पिढ्यानपिढ्या खल केला. इसवी सन २०० च्या सुमारास त्यांचं मौखिक धर्मशास्त्र ‘मिश्ना’ म्हणून संकलित झालं. त्यात ‘पेआ’ नावाचा एक अख्खा भाग या शेताच्या कडेवर आहे. ‘पेआ’ म्हणजेच कड किंवा कोपरा. शेतकरी घरात वाढलेल्या माणसाने तो वाचावा, बांधावरची भाषा ऐकल्यासारखं वाटतं. किती सोडायचं याला वरची मर्यादा नाही, पण साठावा हिस्सा तरी सोडलाच पाहिजे. कापताना एक किंवा दोन कणसं गळाली तर ती गरिबाची, तीन एकदम गळाली तर धन्याची, असा हिल्लेल या धर्मपंडिताच्या परंपरेचा निवाडा. कड घेताना गरिबांनी विळा किंवा कुदळ आणू नये, कारण घाईगर्दीत एकमेकांना लागेल. दिवसातून तीनदा शेत खुलं करायचं: सकाळी, दुपारी आणि कलत्या उन्हात. पुढच्या भाष्यकारांनी या तीन वेळांची कारणं शोधली. सकाळची वेळ तान्ह्या पोरांच्या आयांसाठी, दुपारची मुलांसाठी, तिसऱ्या प्रहरची म्हाताऱ्यांसाठी. मुंग्यांनी बिळात ओढून नेलेल्या दाण्यांचाही विचार तिथे आहे. कापणी होऊन गेलेल्या जागेतल्या बिळात वरवरचे दाणे असतील तर ते गरिबांचे, खोलवरचे धन्याचे. त्यावर रब्बी मेईर म्हणतात की सगळेच गरिबांचे, कारण सरवा आहे की नाही अशी शंका आली तर तो सरवाच मानायचा. संशयाचा फायदा भुकेल्याला देणारा हा न्याय मला फार मोठा वाटतो.

याहून मोठा नियम पुढे येतो. धन्याने कड स्वतः कापून गरिबांत वाटायची नाही. जमलेल्यांपैकी नव्व्याण्णव जण म्हणाले की तुम्हीच वाटा, आणि एकटा म्हणाला की आम्ही आपापलं घेतो, तरी त्या एकाचं ऐकायचं. अपवाद दोनच, मांडवावरच्या द्राक्षवेली आणि खजुराची झाडं, कारण तिथे चढताना माणूस पडू शकतो. आणि जो धनी गरिबांना वेचू देत नाही, किंवा एकाला वेचू देतो आणि दुसऱ्याला नाही, किंवा आपल्या ओळखीच्या गरिबाला हळूच मदत करतो, त्याला एकच शब्द: तो गरिबांना लुटतो. ओळखीच्या गरिबाला मदत करणं हीसुद्धा लूट! कारण सरवा धन्याचा नसतोच. तो सुरुवातीपासून दुसऱ्याचा आहे, धनी फक्त त्याच्या आड येत नाही इतकंच.

विसरलेल्या पेंढीची एक गोष्ट त्याच परंपरेत आहे. एका भक्ताची पेंढी शेतात विसरून राहिली, तेव्हा त्याने मुलाला सांगून मंदिरात बैलांचे बळी अर्पण करायला लावले. इतका आनंद कशाचा? बाकीच्या आज्ञा ठरवून पाळता येतात. ही मात्र ठरवून पाळताच येत नाही, विसरलं तरच ती हातून घडते.

येशू ज्या गालीलात हिंडला तिथे ही रीत चालू होती. शब्बाथाच्या दिवशी त्याचे शिष्य शेतातून जाताना कणसं मोडून खातात, आणि परूशी आक्षेप घेतात, हा प्रसंग मत्तय, मार्क आणि लूक तिघांनीही सांगितला आहे. आक्षेप शब्बाथ मोडल्याचा आहे. परक्याच्या शेतातलं खाल्लं म्हणून कोणीही त्यांना चोर म्हणत नाही. वाटसरूने हाताने कणसं मोडावी, फक्त विळा लावू नये, ही मुभा अनुवादातच होती. भुकेल्याचा शेतावर थोडासा तरी हक्क आहे, हे येशूच्या विरोधकांनाही मान्य होतं.

पुढे येशूच्या अनुयायांची श्रद्धा शहरात गेली आणि शहरात शेत नव्हतं. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत लोक जमिनी आणि घरं विकून पैसा प्रेषितांच्या पायाशी आणून ठेवू लागले, आणि विधवांना रोजचं अन्न वाटलं जाऊ लागलं. माझ्या मते या मागोव्यातलं खरं वळण हे आहे. जे शेतात सोडलं जायचं ते आता कोणाच्या तरी हातून वाटलं जाऊ लागलं, आणि वाटप सुरू होताच भांडण आलं. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय ते लपवत नाही: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर उठली. हेतू चांगला, माणसं भली, तरी पळी ज्याच्या हातात त्याला आपल्या भाषेची म्हातारी आधी दिसते. मंडळीने यावर केलेला उपाय आजही कोणत्याही संस्थेने शिकावा असा आहे. वाटपासाठी सात जण नेमले आणि सातही नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती पळी.

पौलाने ही व्यवस्था प्रांतोप्रांती नेली. करिंथच्या लोकांना तो लिहितो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. हे यरुशलेमेच्या गरिबांसाठी, त्यांनी कधी न पाहिलेल्या माणसांसाठी होतं. रविवारच्या अर्पणाचं मूळ या ओळीत आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन सांगतो की उपासनेनंतर जमलेलं अध्यक्षापाशी ठेवलं जातं आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परदेशी यांची सोय होते. कार्थेजचा तर्तुलियन इसवी सन १९७ च्या सुमारास मंडळीच्या पेटीबद्दल लिहितो. महिन्यातून एकदा, ज्याला जमेल त्याने, जमेल तितकं टाकावं, सक्ती नाही. त्यातून गरिबांना पुरायचं, पोरक्या मुलांना वाढवायचं, थकलेल्या गुलामांना, जहाज फुटून वाचलेल्यांना, खाणींत डांबलेल्यांना पोसायचं. २५१ मध्ये रोमची मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा आणि गरजूंना सांभाळत होती, हे तिथल्या बिशपच्याच पत्रातून कळतं. ३६२ मध्ये जुन्या देवतांचं राज्य पुन्हा आणू पाहणारा सम्राट ज्युलियन आपल्या पुरोहिताला चिडून लिहितो की हे गालीलकर स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाची चिडचिड हा इतिहासात भक्कम पुरावा असतो.

शेत या गोष्टीतून पुरतं नाहीसं झालं नव्हतं. ३६८–६९ च्या दुष्काळात कप्पदुकियातल्या कैसरियाच्या बेसिलने कोठारं पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या श्रीमंताच्या दाखल्यावर प्रवचन दिलं. त्याचा युक्तिवाद लेवीयाचाच होता: तुझ्या कोठारात पडून असलेली भाकर भुकेल्याची आहे, तू ती देत नाहीस म्हणजे त्याचं त्यालाच परत करत नाहीस. पण त्या शहराबाहेर त्याने उभारलेलं आजाऱ्यांचं आणि वाटसरूंचं आश्रयस्थान बघितलं की मोह होतो म्हणायचा, पेटीने जे केलं ते शेताची कड कधीच करू शकली नसती. कुष्ठरोग्याला सरवा वेचता येत नाही. तुरुंगातल्या माणसापर्यंत कड पोहोचत नाही. पेटीची गरज खरी होती.

युरोपच्या खेड्यांत शेताची कड आणि मंडळीची पेटी दोन्ही शेजारी शेजारी चालू राहिल्या. फ्रान्समध्ये १५५४ च्या राजाज्ञेने म्हातारे, अपंग, लहान मुलं आणि कापणीचं काम झेपत नाही अशांना सरव्याची मुभा दिली. इंग्लंडच्या खेड्यांतली रीत मला विशेष भावते. कापलेल्या शेतात एक पेंढी मुद्दाम उभी ठेवायचे आणि तिला ‘पोलीस’ म्हणायचे. ती उभी आहे तोवर आत जायचं नाही. ती हलली की शेत खुलं. मग सकाळी चर्चची घंटा वाजायची आणि तेव्हाच सगळ्यांनी मिळून सुरुवात करायची, म्हणजे घरात तान्हं पोर असलेल्या बाईलाही इतरांइतकीच संधी मिळावी. संध्याकाळी पुन्हा घंटा, की थांबायचं. मिश्नाच्या तीन वेळा त्या खेडुतांनी वाचल्या असतील असं मला वाटत नाही. भुकेल्या घरांतल्या आयांची सोय बघणाऱ्या कुणालाही हा नियम सुचला असता.

मग १७८८ साल उजाडलं. सफोकमधल्या टिमवर्थ गावच्या मेरी हॉटन या बाईने जेम्स स्टील याच्या शेतात सरवा वेचला होता. स्टीलने तिला कोर्टात खेचलं. ब्लॅकस्टोनसारख्या कायदेपंडिताने लिहून ठेवलं होतं की कापणीनंतर गरिबांना सरवा वेचू देण्याची देशाची रीतच आहे. चार न्यायाधीशांपैकी एकट्या गूल्ड यांनी त्या परंपरेची आणि लेवीयाची आठवण देत मेरीच्या बाजूने मत दिलं. उरलेल्या तिघांनी निकाल दिला: सरवा वेचणं हा हक्क नाही. मोशेचं नियमशास्त्र इंग्लंडच्या कोर्टावर बंधनकारक नाही, आणि गरिबांसाठी १६०१ पासून परगण्याचा कर आहेच, असा त्यांचा आधार होता. ज्या देशात प्रत्येक रविवारी बायबल वाचलं जात होतं, त्याच देशाच्या कोर्टात असं ठरलं की शेतात गळालेलं कणीसही धन्याचं. गरिबांसाठी कर आहे म्हणताना हे सांगायचं राहून गेलं की १६९७ च्या कायद्याने त्या करातून मदत घेणाऱ्याला खांद्यावर ‘पी’ हे अक्षर शिवून फिरावं लागत होतं, म्हणजे ‘पॉपर’, कंगाल. सरवा वेचणाऱ्या बाईच्या खांद्यावर तिची पेंढी असायची. मदत घेणाऱ्याच्या खांद्यावर हे अक्षर.

तरी रीत मेली नाही. कोर्टाच्या निकालानंतरही शेकडो गावांत पुढचं शतकभर घंटा वाजत राहिली, कारण शेजाऱ्याला शेतातून हाकलणं कायद्यात बसत असलं तरी गावात बसत नव्हतं. शेवटी ती रीत संपवली यंत्रांनी. कापणीचं यंत्र आलं, पुढे कापणी-मळणी एकाच यंत्रात होऊ लागली, आणि रानात उरायला कणीसच राहिलं नाही. १८५७ मध्ये फ्रान्सच्या मिलेने तीन सरवा वेचणाऱ्या बायांचं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं, तेव्हा त्या जगाची संध्याकाळ झालेली होती. चित्रात मागे गंज्या रचल्या जात आहेत आणि घोड्यावरचा मुकादम लांबून बघतो आहे. पुढे तीन वाकलेल्या पाठी आहेत. त्याआधी, १८५३ च्या प्रदर्शनात मांडलेल्या कापणीवाल्यांच्या जेवणाच्या चित्राला याच मिलेने मुळात ‘रूथ आणि बवाज’ असं नाव दिलं होतं, म्हणजे बायबलमधली सरवा वेचणारी बाई आणि तिथल्या शेताचा धनी. १८५७ च्या चित्राला बायबलची सावली उरली नव्हती, म्हणूनच सुखवस्तू प्रेक्षक अस्वस्थ झाले.

एकोणिसाव्या शतकात अहमदनगर आणि मराठवाड्यात जी मंडळी उभी राहिली, त्यांच्यात लेवीय वाचला गेला तो वेगळ्याच बाजूने. या मंडळींत येणारे बहुतेक जण महार आणि मांग समाजातले होते, बहुतेकांकडे कसायला स्वतःचं रान नव्हतं. युरोपातल्या पाळकाने लेवीय वाचला तर समोर बसलेला शेतकरी ऐकायचा की माझ्या शेताची कड सोडली पाहिजे. नगरच्या खेड्यात वाचला तर ऐकणारी बाई तीच असायची जिने गेल्या सुगीत सरवा वेचला होता. धर्मग्रंथाच्या आत तिला स्वतःची पाठ दिसत होती.

पण इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. आपल्या गावगाड्यातही खळ्यावर बलुतं मोजून दिलं जायचं, तेही हक्काचं म्हणून. त्या हक्काला जात चिकटलेली होती. खळ्यावरचा वाटा घेणाऱ्याला गावची हलकी मानलेली कामं पिढ्यानपिढ्या करावी लागत आणि अंतर राखून लांब उभं राहावं लागे. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक आणलं, आणि गावाच्या तुकड्यावर जगणं सोडा असं आपल्या माणसांना सांगत राहिले. ते वतन कायद्याने १९५८ मध्ये संपलं. सरव्याबद्दल प्रेमाने लिहिताना मी हे विसरू शकत नाही. अनुवादातल्या धन्याला सांगितलं होतं की तूही गुलाम होतास. आपल्या गावातल्या धन्याला असं कोणी सांगितलं नव्हतं, उलट तो जन्मानेच वरचा आहे असं सांगितलं होतं. सोडलेलं धान्य तेच असतं, पण सोडणारा स्वतःला कोण समजतो त्यावर खाणाऱ्याच्या घशाखाली ते कसं उतरतं हे ठरतं.

पंडिता रमाबाईंना हे आतून माहीत होतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात घरच्यांबरोबर पायी भटकताना त्यांनी झाडांचा पाला आणि रानफळं खाल्ली, आणि त्याच वणवणीत आईवडील आणि बहीण गमावली. पुढे त्यांनीच लिहिलं की भीक मागणं किंवा हलकं काम करणं जातीच्या अभिमानापायी त्यांच्या घरच्यांना जमलं नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या, तेव्हा तिथे नुसतं वाटप ठेवलं नाही. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, ज्या हाताला जे जमेल ते काम दिलं. केडगावच्या आपल्या या मुक्ती मिशनमध्येच त्यांनी मूळ भाषा शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळ्या बायबलचं भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये तिथल्याच छापखान्यातून बाहेर पडलं. रानातला पाला खाऊन जगलेल्या बाईच्या हातून रूथचं पुस्तक मराठीत उतरलं, ही गोष्ट मला भाषांतराच्या इतिहासात एकमेव वाटते.

आज सरव्याचं नवं रूप अमेरिकेत दिसतं. व्हर्जिनियात १९७९ मध्ये दोन मेथडिस्ट पाळकांच्या कुटुंबांनी ‘सोसायटी ऑफ सेंट अँड्र्यू’ सुरू केली. बाजाराला नको असलेले, आकाराने वेडेवाकडे बटाटे फेकून न देता १९८३ पासून ते गरिबांपर्यंत पोहोचवू लागले, आणि पुढे मंडळ्यांमधले स्वयंसेवक शेतात उतरून मागे राहिलेली भाजी वेचू लागले. १९९६ च्या अमेरिकी कायद्याने असं अन्न देणाऱ्याला संरक्षण दिलं. त्याच्या नावात लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी आहे, आणि सरवा वेचणाऱ्याची व्याख्याही त्यात आहे. हे काम मोठं आहे, मला त्याबद्दल कृतज्ञता आहे. तरी एक बदल डोळ्यांत भरतो. आता शेतात वाकतो तो सुखवस्तू भाविक, आणि गरीब दुसरीकडे रांगेत उभा असतो. पोट दोन्हीकडे भरतं. पण शेतात पाय ठेवायचा हक्क मात्र त्याच्याकडे परत आलेला नाही.

आपल्याकडे मराठी मंडळींत हंगामाचा सण होतो. जोंधळा, बाजरी, भोपळे, अंडी, कोंबड्या वेदीपुढे येतात, उपासनेनंतर लिलाव होतो, आणि एखाद्या भोपळ्याची बोली बाजारभावाच्या कितीतरी वर जाते. ज्यांना शेत आहे ते आणतात, ज्यांना पगार आहे ते बोली लावतात. शेतही नाही आणि पगारही नाही असा माणूस त्या दिवशी कुठे उभा असतो, हे मी आता बघतो.

आणि मग बेथलेहेमच्या सातूच्या शेताकडे परत जातो. रूथ मवाबी, उपरी, विधवा. तिने कुणापुढे हात पसरला नाही, ती शेतात गेली आणि वेचू लागली. बवाजने तिला जेवायला बोलावलं आणि भाजलेले दाणे दिले. ती पोटभर जेवली आणि थोडे उरवले. संध्याकाळी वेचलेलं झोडून झाल्यावर सुमारे एक एफा सातू भरला. त्या बाईचा पणतू दावीद राजा झाला, आणि मत्तयने लिहिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचं नाव आहे. पण त्या संध्याकाळी ती नुसता सातू घेऊन घरी आली नाही. दारात सासूची वाट पाहणारी नजर होती. रूथने दुपारचे ते उरवलेले भाजलेले दाणे काढले आणि नामीच्या हातावर ठेवले.